दुसऱ्याच्या पायाचे स्केट्स

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, मिसिसागातल्या एका घराच्या गॅरेजमध्ये मी एक काळी जोडी हातात घेऊन उभा होतो. कार्बनचा बूट, पातं जवळजवळ नवं, टाचेवर बारीक अक्षरांत ‘कस्टम’. पाय मोजून नवी करवून घ्यायची तर हजार डॉलरच्या वर जाणारी वस्तू अडीचशेला मिळत होती. माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची, मुलींच्या संघात बचावफळीत खेळणारी. तिने पाय घातला, ‘बसतोय, बाबा’ म्हणाली, मी पैसे दिले. चौथ्या सरावानंतर ती बर्फावरून उतरली आणि बाकावर बसून लेस सोडवताना रडायलाच लागली. घोट्यासमोर जिथे लेस सगळ्यांत जास्त आवळतो तिथे लाल वळ उठले होते, आणि डावी टाच प्रत्येक पावलाला बुटात वर सरकत होती.

शेवटी एका जुन्या, जाणत्या फिटरकडे गेलो. त्याने मुलीचा पाय बघण्याआधी बुटाच्या आतली गादी काढली आणि तिच्याखालचा आकडा वाचून दाखवला. डावा बूट साडेसहा, उजवा सहा. पहिल्या मालकाचे पायच दोन मापांचे होते आणि बूट त्याच्या पायांइतकेच खरे होते. माझ्या मुलीचा मोठा पाय उजवा आहे.

इथे कॅनडात आता पुष्कळ मराठी घरांतली मुलं आइस हॉकी खेळतात. खेळ महाग, मुलं वाढती, त्यामुळे सेकंडहँड सामान घेणं हाच शहाणपणा, आणि तसं घ्यावंच. पण कस्टम स्केट्सच्या बाबतीत आपल्यात काही समज इतके पक्के बसलेत की त्यापायी मुलांचे पाय सोलून निघतात. ते एकेक करून बघू.

‘कस्टम आहेत म्हणजे उत्तमच असणार’

उत्तम असतातच, पण एका माणसासाठी. या प्रकारच्या बुटाची सुरुवातच तशी झाली. मॅनिटोबातल्या ब्रँडन गावात जॉर्ज टॅकाबेरी नावाचे चर्मकार होते. त्यांचा शेजारी ज्यो हॉल हॉकीपटू होता आणि त्याचे बूट टिकत नसत. टॅकाबेरींनी 1905 च्या सुमारास त्याच्या पायासाठी कांगारूच्या चामड्याचा बूट शिवला. पुढे 1937 मध्ये तो बूट सीसीएम कंपनीकडे गेला, आणि त्यांच्या ‘टॅक्स’ या स्केट्सच्या नावात टॅकाबेरी अजून आहेत. शेजाऱ्याचा पाय समोर ठेवून केलेली ती वस्तू होती. आजही कस्टमचा अर्थ तेवढाच आहे. कागदावरच्या रेघेऐवजी पायाचं त्रिमितीय स्कॅन होतं, चामड्याऐवजी कार्बन असतो.

कोल्हापुरात माझे आजोबा चपला करायला टाकत तेव्हा तपकिरी कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ ओढून घेत. आजोबांची चप्पल वडिलांनी कधी घातली नाही. दोघांचा नंबर एकच होता, पण अंगठ्याची जागा वेगळी होती. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि गॅरेजमध्ये उभा असताना मला नेमकी तीच आठवली नाही.

कस्टम बुटात पहिल्या मालकाच्या पायाचं सगळं व्यंग कोरलेलं असतं. बऱ्याच हॉकीपटूंच्या टाचेच्या हाडावर मागे गाठ येते. डॉक्टर तिला हॅग्लंड विकृती म्हणतात, खेळाडू ‘बाउअर बंप’. तशी गाठ असलेल्या माणसाच्या बुटात तिच्यासाठी खळगा ठेवलेला असतो. त्या खळग्यात तुमच्या सपाट टाचेला धरायला काही नसतं. एखाद्याचा पाय आतल्या बाजूला झुकत असेल तर पात्याचा होल्डर थोडा सरकवून बसवलेला असतो, किंवा होल्डर आणि तळ यांच्यात पातळ पट्टी घातलेली असते. सरळ पायाच्या मुलीने तो घातला की तिचाच पाय वाकडा पडायला लागतो. म्हणून रेडीमेड बुटाला न विचारता चालेल असा प्रश्न इथे आधी विचारायला हवा: हा कोणाच्या पायासाठी केला होता, त्या पायात काय होतं? ऑर्डरचा कागद विकणाऱ्याकडे असेल तर बुटाआधी तो बघायचा.

‘नंबर जुळला की झालं’

हॉकी स्केटचा नंबर रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान असतो. नऊ नंबरचे स्पोर्ट्स शूज घालणारा मुलगा साडेसात-आठचे स्केट्स घालतो. हे ठाऊक नसल्यामुळे आपल्याकडे बहुतेक पहिली जोडी मोठी घेतली जाते. पण नंबर म्हणजे फक्त लांबी. रुंदी वेगळी. जुन्या बुटांवर ती डी, डबल ई अशा अक्षरांत असते, बाउअरच्या अलीकडच्या बुटांवर फिट 1, 2, 3 आणि सीसीएमच्या बुटांवर टेपर्ड, रेग्युलर, वाइड अशी. आणि जे आकड्यात येतच नाही ते बुटाचं पोट, म्हणजे पायाचा वरचा उंचवटा किती मावतो ते. माझ्या मुलीला वळ आले ते त्यामुळे. तिच्या पायाचा उंचवटा जास्त, बूट उथळ, आणि लेस थेट शिरांवर.

हे पाच मिनिटांत तपासता येतं. लेस पूर्ण सैल करायचा, पाय घालून टाच मागे ठोकायची, बुटाची जीभ पुढे ओढायची. मग वरून तिसऱ्या भोकाच्या पातळीवर एक पेन्सिल आडवी ठेवायची. पेन्सिल बुटाच्या दोन्ही कडांवर टेकली तर खोली पुरेशी आहे. कडांऐवजी पायावरच टेकून डुगडुगली तर बूट उथळ आहे, आणि लांबी कितीही बरोबर असली तरी तो सोडायचा. लांबीसाठी लेस सैल असतानाच बोटं पुढे टेकवायची. टाचेमागे एक बोट जेमतेम जावं, दोन गेली तर बूट मोठा. मग लेस बांधून उभं राहायचं. बोटं पुढच्या टोपीला अलगद शिवायला हवीत आणि गुडघे वाकवले की सुटायला हवीत. आणि हे सगळं त्याच पातळ मोज्यात करायचं जो रोज घालणार, घरच्या लोकरीच्या मोज्यात नाही.

दोन्ही पायांत करायचं, हे वेगळं सांगायला नको होतं. आम्ही एकाच पायात केलं होतं.

‘ओव्हनमध्ये तापवले की कोणाच्याही पायाला बसतात’

हा समज सर्वांत जास्त पैसे बुडवतो, कारण त्यात अर्धं खरं आहे. दुकानातल्या ओव्हनमध्ये बूट साधारण 80 अंश सेल्सिअसला काही मिनिटं ठेवतात. आतला फोम आणि बुटाच्या भिंती मऊ होतात, मग पाय घालून लेस बांधून दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसून राहायचं असतं. थंड होता होता बूट पायाचा आकार घेतो. त्या वेळात उठून चाललं तर आकार बिघडतो, आणि लेस बाहेरच्या बाजूला ओढला तर भोकं उचकटू शकतात.

वापरलेला बूट पुन्हा तापवता येतो हे खरं आहे. विनिपेगच्या स्कॉट व्हॅन हॉर्न यांनी व्हीएच नावाने जे बूट केले, आणि 2016 मध्ये ट्रू टेंपर कंपनीने तो व्यवसाय घेतल्यावर जे ‘ट्रू’ म्हणून ओळखले जातात, त्यांचं अख्खं कवचच तापवून वळवता येतं. सेकंडहँड कस्टममध्ये काही हाती लागायची शक्यता तिथेच जरा जास्त. पण तापवल्याने भिंत पायाकडे येते किंवा पायापासून थोडी दूर जाते, एवढंच होतं. लांबी बदलत नाही. पुढची टोपी बदलत नाही. उथळ बूट खोल होत नाही. दुसऱ्याच्या पायाने दाबून टाकलेला फोम नव्यासारखा फुगत नाही. घोट्याच्या हाडापाशी टोचत असेल तर फिटर यंत्राने तेवढाच भाग काही मिलिमीटर बाहेर ढकलतो, त्याला पंच करणं म्हणतात, आणि तो उपाय चांगला आहे. म्हणजे एखाद्या जागी घट्ट असलेला बूट दुरुस्त होऊ शकतो. सैल बुटाला उपाय जवळजवळ नाहीच.

घरच्या ओव्हनमध्ये किंवा केस वाळवायच्या यंत्राने हा प्रयोग करू नये. तापमान हातात राहत नाही आणि थर एकमेकांना चिकटवणारा गोंद सुटतो.

‘थोडे मोठे घेऊ, दोन वर्षं पुरतील’

जूनमध्ये शाळेचे बूट वाढत्या मापाचे घ्यायचे आणि पुढे कापूस कोंबायचा, यात आपण लहानाचे मोठे झालो. शाळेपर्यंत चालत जायला ते चालतं. तीन मिलिमीटर रुंदीच्या पात्यावर उभं राहायचं असतं तेव्हा चालत नाही. पाय बुटात हलला की पातं त्याचं ऐकत नाही, मूल तोल राखायला लेस आणखी आवळतं, आणि घोटे आत कोसळतात. मग रिंकच्या काचेबाहेरून आईवडील म्हणतात, ‘याचे घोटेच कमजोर आहेत.’ मी स्वतः हे कितीदा तरी ऐकलंय. बहुतेक वेळा दोष घोट्यांचा नसतो, बूट मोठा असतो किंवा मेलेला असतो. मुलाला मापाच्या, कडक बुटात उभं करा आणि पुन्हा बघा. ज्या मुलाला कमजोर ठरवलंय त्याने खेळ सोडण्याआधी एवढं तरी व्हायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

मेलेला बूट ओळखणं सोपं आहे. घोट्यापाशी बुटाच्या दोन्ही भिंती हाताने एकमेकींकडे दाबायच्या. कागदाच्या पुठ्ठ्यासारख्या सहज मिटल्या, किंवा तिथे आडव्या सुरकुत्या पडलेल्या दिसल्या, तर त्यावर ‘कस्टम’ लिहिलेलं असो नाहीतर आणखी काही, बूट संपलाय. आणि उलट बाजूने, हा बूट कोल्हापुरीसारखा तेल लावून, घालून घालून ‘सुटेल’ ही आशाही ठेवू नये. चामडं ताणतं, कार्बन ताणत नाही. पहिल्या दिवशी बोटं दुमडत असतील तर ती वर्षाअखेरीसही दुमडतील.

‘मोठ्या खेळाडूने वापरलेले आहेत’

व्यावसायिक संघ हंगामानंतर जुनं सामान विकतात आणि ते बाजारात ‘प्रो स्टॉक’ म्हणून फिरतं. त्यात खोटं काही नाही, पण दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, अशा बुटाचा बाहेरचा रंग आणि नाव ताज्या मॉडेलचं असलं तरी आतला बूट त्या खेळाडूच्या सवयीचा जुनाच असू शकतो. दोन, हा मोठ्या वजनाच्या, रोज बर्फावर असलेल्या माणसासाठी केलेला बूट असतो. त्याचा कडकपणा पन्नास किलोच्या मुलीला पेलत नाही, तिला त्यात गुडघा पुढे वाकवताच येत नाही. पॉल कॉफी पायापेक्षा कितीतरी लहान मापाचे स्केट्स घालत आणि बॉबी ऑर मोजेच घालत नसत, हे दाखलेही इथे दिले जातात. ते दोघं थोर खेळाडू होते, बुटांमुळे नाही.

पात्याबद्दल मात्र फार घाबरू नये. वरवरचा तांबूस गंज पुढच्या धारेत निघून जातो. खड्डे पडले असतील, किंवा धार लावून लावून पातं बोटाएवढंही उरलं नसेल, तर नवं पातं बसवता येतं. तो खर्च किमतीतून वजा करून मागावा. तळाशी रिव्हेट हलतात का आणि होल्डरला चीर आहे का, हे तेवढं बघावं.

त्या काळ्या जोडीचं पुढे काय झालं ते सांगतो. मुलीला आम्ही वापरलेलीच पण रेडीमेड जोडी घेतली, तिच्या रुंदीची, खोल बुटाची, एकशेचाळीस डॉलरला. फिटरने ती तापवून दिली आणि उजव्या घोट्यापाशी पंच केली. कस्टम जोडी मग विकायला काढली. जाहिरातीत आम्ही सगळं लिहिलं: डावा साडेसहा, उजवा सहा, बूट उथळ, डाव्या टाचेमागे खळगा. बॅरीहून तासभर गाडी चालवत एक मुलगा आला. आमच्या स्वयंपाकघरात लेस बांधून, गुडघे वाकवून पंधरा मिनिटं उभा राहिला, डावी टाच उचलली जातेय म्हणाला, आभार मानून परत गेला. दोन आठवड्यांनी एक बाई आल्या. त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्यांच्या दोन्ही पायांच्या रेघा होत्या, डाव्या पायाची मोठी.