लॅपटॉपची यादी

गेल्या मे महिन्यात, वर्ध्यात पारा पंचेचाळिशीला टेकला होता तेव्हा, माझ्या लॅपटॉपची डिस्क गेली. लिखाण पेनड्राइव्हवर होतं, ते वाचलं. गेली ती मांडणी: मराठी इनस्क्रिप्ट कळफलक, देवनागरी फॉन्ट, प्रिंटर. वर्षभरात काय काय केलं होतं याची कुठेच नोंद नव्हती.

नेहमीच्या लिनक्सवर आपण एकेक आज्ञा देत जातो: हे बसव, ते बदल. म्हणून मी निक्सओएस या वेगळ्या धाटणीच्या लिनक्सकडे वळलो. त्यात काय हवं तेवढंच 'कॉन्फिगरेशन डॉट निक्स' या फाइलीत लिहायचं, महिन्याच्या किराण्याची यादी दुकानात देतो तसं. माझ्या यादीत आशिया/कोलकाता ही वेळ आहे, लोहित देवनागरी फॉन्ट आहे, मराठी टंकनासाठी आयबस आहे, शिवाय लिब्रेऑफिस आहे. 'निक्सओएस-रिबिल्ड स्विच' म्हटलं की बाकीचं यंत्रणा बघते. यादीतली ओळ खोडली, तर पुढच्या वेळी ती गोष्ट मांडणीतूनही जाते.

खरी खुबी साठवणीत आहे. प्रत्येक प्रोग्राम 'निक्स स्टोअर'मध्ये स्वतंत्र फोल्डरात राहतो. फोल्डरच्या नावाआधी ३२ अक्षरी खूण असते आणि ती त्या प्रोग्रामच्या साऱ्या घटकांवरून काढलेली असते. घटक बदलला की खूण बदलते, फोल्डरही नवं होतं. जुन्याला हात लागत नाही. एल्को डोल्स्त्रा यांनी नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात २००६ साली दिलेल्या प्रबंधात ही कल्पना सविस्तर मांडली आहे.

आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि माझी बॅटरी थकलेली. म्हणून मला या साठवणीचं मोल फार वाटतं. नवी मांडणी बाजूला पूर्ण तयार होते, मगच यंत्रणेचा दुवा तिच्याकडे वळतो. मध्येच लॅपटॉप बंद पडला तरी अर्धवट यंत्रणा हाती येत नाही. नवी मांडणी बिघडलेली निघाली, तर सुरू होतानाच्या मेनूतून आधीची मांडणी, म्हणजे आधीची 'पिढी', निवडायची. या पिढ्या डिस्क खातात; अधूनमधून त्या साफ कराव्या लागतात.

आपली कागदपत्रं यादीत येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळाच. पासवर्ड तर यादीत उघडे लिहूच नयेत, कारण स्टोअर लॅपटॉपवरच्या प्रत्येक वापरकर्त्याला वाचता येतं. आणि डिस्क बदलली, तर यादी जुनीच चालते, पण शेजारची हार्डवेअरची फाइल नव्याने तयार करून घ्यायची. तिच्यात डिस्कची ओळख असते; जुनीच ठेवली तर लॅपटॉप गेलेली डिस्क शोधत थांबतो.