तीन बोटांचे तोंड

मी डॉक्टर नाही. पण वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्याला खर्रा काय करतो हे पुस्तकात शोधावे लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटला की खर्रा झाला. निरोगी तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. वर्षानुवर्षे खर्रा खाणाऱ्या काहींच्या तोंडात एकही मावत नाही. भाकरीचा घास जात नाही, तिखटाने आग होते. या विकाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये दिले.

सुपारीतील ॲरेकोलीन गालाच्या अस्तराखालील तंतुपेशींना चेतवते. त्या कोलॅजेनचे धागे तयार करत राहतात, जुने धागे विरघळणे मंदावते आणि मऊ गाल ताठ होतो. काहींना पुढे कर्करोगही होतो. सावंगी (मेघे) येथील शरद पवार दंत महाविद्यालयातील डॉ. राजीव बोरले व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एका शस्त्रक्रियेचे अनुभव प्रसिद्ध केले. तीत ताठ पट्टे कापून नाकालगतच्या घडीतील कातडी आत वळवतात. तोंड उघडते, चेहऱ्यावर वण मात्र राहतो.

गालालाच पुन्हा मऊ व्हायला सांगता आले तर? ही आशा एक्सोसोममुळे निर्माण झाली आहे. पेशी बाहेर सोडतात त्या या ३० ते १५० नॅनोमीटरच्या पिशव्या. १९८३ मध्ये त्या प्रथम दिसल्या, तेव्हा पेशीचा कचराच वाटल्या. २००७ मध्ये कळले की त्यांतून आरएनएचे निरोप एका पेशीकडून दुसरीकडे जातात. मूळपेशी तर दाताच्या गरात, मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतही सापडतात. त्यांचे एक्सोसोम हिरडी, जबड्याचे हाड आणि ताठ झालेले अस्तर यांवर प्रयोगशाळेत तपासले जात आहेत. प्राण्यांमधील निष्कर्ष उमेद देणारे आहेत.

पण वाढीचा निरोप कर्करोगाच्या उंबरठ्यावरील पेशीनेही वाचला तर? मात्रा किती, प्रत्येक खेप सारखी कशी ठेवायची, हेही ठरायचे आहे. मान्यता नसलेल्या एक्सोसोम उत्पादनांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्येच सावध केले होते. म्हणून ‘एक्सोसोमचे इंजेक्शन’ अशी जाहिरात दिसली, तर आधी मान्यता विचारावी.

आणि आज आरशासमोर तीन बोटे लावून पाहावीत. मावत नसतील तर दंतवैद्य गाठावा, सुपारी सोडावी. उद्याचा एक्सोसोम ज्या तंतुपेशींना ‘थांबा’ म्हणेल, त्यांनाच खर्रा रोज ‘चालू द्या’ म्हणत असतो.