पाठीतलं पाणी

प्रयोगशाळेत रक्ताचा नमुना थोडा वेळ थांबू शकतो. पाठीतलं पाणी आलं की मात्र हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं. तासाभरात त्यातल्या पेशी फुटू लागतात आणि मग मोजणीला अर्थ उरत नाही. पुन्हा मागवायचं, तर तापाने फणफणलेल्या पोराला परत कुशीवर वळवून सुई टोचायची.

मेंदूभोवती तीन आवरणं असतात: बाहेरचं जाड ड्युरा, त्याखाली अरॅक्नॉइड आणि मेंदूला चिकटलेलं पाया. शेवटच्या दोन आवरणांमधल्या फटीत सुमारे दीडशे मिलिलिटर पाणी फिरतं, तेच खाली मणक्यापर्यंत येतं. म्हणून मेंदूची चौकशी कमरेत. 1891 मध्ये जर्मनीतल्या कील इथे डॉ. क्विंके यांनी असं पाणी काढलं ते डोक्यातला दाब उतरवायला. आपण आज तपासणीसाठीच जास्त काढतो.

वॉर्डात नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी काढलं की पोरगं लुळं पडेल ना?" रेसिडेंट समजावतो, "मावशी, मज्जारज्जू वरच संपतो, सुई त्याच्या खाली जाते." खरंच आहे. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, सुई तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये घालतात. पोटाशी गुडघे, छातीला हनुवटी, आणि मावशींनी मुलाला घट्ट धरलेलं. ड्युरा ओलांडताना बोटांना किंचित सैल लागतं, मग थेंब आपोआप पडू लागतात. सिरिंजने ओढायचे नाहीत. रुग्णाची शुद्ध हरपत असेल किंवा एक बाजू लुळी असेल, तर आधी सीटी स्कॅन. डोक्यात गाठ किंवा सूज असल्याने दाब वाढलेला असताना खालून पाणी काढणं जिवावर बेतू शकतं.

पाण्याचे बल्ब (छोट्या बाटल्या) आमच्याकडे आले की आधी उजेडात धरायचे, मागे छापील कागद ठेवून. निरोगी पाण्यातून अक्षरं स्वच्छ वाचता येतात. पू झालेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसतं. मेंदूच्या क्षयातलं बहुधा स्वच्छच वाटतं, पण उभं ठेवलं तर त्यात कधीकधी पातळ जाळी धरते. सगळे बल्ब सारखेच लाल असतील तर अरॅक्नॉइडखालच्या रक्तस्रावाची शंका. रंग फिका होत गेला, तर बहुधा सुईनेच शीर दुखावलेली.

मग चेंबरमध्ये पेशी मोजायच्या. घनमिलिमीटरला पाचपर्यंत ठीक. न्यूट्रोफिल जास्त असतील तर जिवाणूंचा मेंदूज्वर. तिथे रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं. लिम्फोसाइट जास्त असतील तर खरी पंचाईत: क्षय की विषाणू? साखर बरंच सांगते. क्षयात ती उतरते, विषाणूंत सहसा नाही. पण पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश असते, त्यामुळे त्याच वेळची रक्तातली साखर हवीच. फॉर्मवर तो रकाना कोरा सोडणाऱ्या रेसिडेंटांना आमच्याकडून शिव्या मिळतात, आणि त्या वाजवी आहेत.

एचआयव्हीच्या रुग्णात इंडिया इंकचा थेंब पाण्यात मिसळून बघतात. काळ्या पार्श्वभूमीवर क्रिप्टोकॉकस या बुरशीभोवतीचं कवच उजळून दिसलं, तर निदान तिथेच झालं. क्षय असा सापडत नाही. जंतू इतके कमी की स्लाइडवर ते क्वचितच दिसतात. सीबीनॅट मशीनने काम सोपं केलं, पण तेही निगेटिव्ह आलं म्हणून क्षय नाही असं म्हणता येत नाही.

ड्युराच्या वर किंवा लगेच खाली साचलेलं रक्त यातल्या कशातच कळत नाही. डोकं आपटलेले आजोबा दोन आठवड्यांनी असंबद्ध बोलू लागले, तर त्यांना सीटीला पाठवायचं, आमच्याकडे नाही.

क्षयाचा संशय असला की मी वॉर्डला फोन करते. पेशी, प्रथिनं, साखर सांगते आणि म्हणते, "टीबीशी जुळतंय." "नक्की आहे का?" पलीकडून विचारतात. नक्की नसतं. दोन-तीन आठवड्यांचा बारीक ताप, डोकेदुखी, चिडचिड, तिरळा झालेला डोळा, हे त्यांनी पाहिलंय, मी नाही. दोन्ही जुळलं तर त्याच संध्याकाळी गोळ्या आणि स्टेरॉइड सुरू होतात. गोळ्या पुढे नऊ महिने ते वर्षभर.