संगणक बुद्धिबळाची कोडी कशी रचतो?

‘पांढऱ्याने खेळून दोन चालींत मात करावी’, असे कोडे आपण पाहिले असेल. त्याची मुख्य अट अशी की, सुरुवातीची अचूक चाल एकच असावी. दोन निघाल्या तर कोडे सदोष ठरते.

कोडे सोडवणे संगणकाला लवकरच जमले. १९५१ साली मँचेस्टर येथे डीट्रिश प्रिन्झ यांच्या प्रोग्रॅमने शक्य त्या सर्व चाली तपासून दोन चालींतली मात शोधून काढली.

कोडे रचायचे तर उलट दिशेने जाता येते. मात झालेल्या सर्व स्थिती आधी मांडायच्या आणि तेथून एकेक चाल मागे यायचे. मोहरी थोडी असली की प्रत्येक स्थितीचा निकाल अशा रीतीने कळतो. जिंकणारी चाल एकच असलेल्या स्थिती निवडल्या की निर्दोष कोडी हाती येतात. याच पद्धतीने केन टॉम्पसन यांनी १९८३ साली दाखवले की, घोड्याविरुद्ध दोन उंट सामान्यतः जिंकतात. घोड्याच्या बाजूची एक मांडणी १८५१ पासून अभेद्य मानली जात होती. तीही भेदली गेली.

पण निर्दोष कोडे सुंदर असतेच असे नाही. मलेशियातील अझलान इक्बाल यांचा ‘चेस्थेटिका’ हा प्रोग्रॅम कोडी रचून त्यांच्या सौंदर्याला गुणही देतो. मात्र गुण कशाला द्यायचे, हे माणसानेच ठरवलेले असते.

वर्गात राजा-वजीर विरुद्ध एकटा राजा घेऊन मातेपासून एक चाल मागे जाऊन पाहा. कोणते कोडे आवडले आणि का, हेही विद्यार्थ्यांना विचारा.