खवल्यावरून घराणं

कोल्हापूर हे मटणाचं गाव. तांबड्या-पांढऱ्यापुढे इथे मासळीचा मान दुसराच. रत्नागिरीहून आंबा घाटाने आणि देवगड-मालवणकडून गगनबावड्यावरून बर्फातला माल वर येतो. गिऱ्हाईक भाव विचारतं, सांगितलेलं नाव मान्य करतं आणि पिशवी पुढे करतं. मी माहेरची देवगडची, नोकरी मात्र इथे प्राणिशास्त्र शिकवण्याची. त्यामुळे मला नावापेक्षा मासळीवाल्या मावशींच्या पायाशी साचलेल्या खवल्यांत जास्त रस. "बाई, मासा वर आहे, खाली काय बघता?" असं त्या विचारतात, पण मी गेले की मूठभर खवले आपणहून कागदात बांधून देतात.

खवला म्हणजे कातडीत तयार झालेला हाडासारखा पातळ पापुद्रा. कौलारू छपरासारखे हे खवले एकावर एक बसतात. पुढची कड कातडीत रुतलेली, मागची उघडी. अंगभर खवले आले की त्यांची संख्या पुढे जवळजवळ तेवढीच राहते. मासा मोठा होतो तसा प्रत्येक खवलाच कडेकडेने वाढतो आणि त्यावर एकात एक बारीक रेघा उमटतात. म्हणून कुशीवरच्या लांब रेषेत किती खवले आहेत, हा आकडा लहान माशाला आणि थोराड माशाला सारखाच लागू पडतो. मासे ओळखायच्या पुस्तकांत तो हमखास दिलेला असतो.

लुई अगासीझ या स्विस शास्त्रज्ञाने १८३३ ते १८४३ या काळात जीवाश्म माशांवर मोठा ग्रंथ काढला आणि खवल्यांवरून सगळ्या माशांचे चार गट पाडले: प्लॅकॉइड, गॅनॉइड, सायक्लॉइड आणि टेनॉइड. वर्गीकरण म्हणून ते टिकलं नाही, शब्द टिकले. गॅनॉइड खवल्यांचे मासे आपल्या बाजारात येत नाहीत, ते सोडून देऊ. प्लॅकॉइड म्हणजे मुशीचे. मुशीच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवून बघा, सोलवटून निघेल. तिचा एकेक खवला हा खरोखरच दातासारखा घडलेला असतो: आत मगज, त्यावर डेंटिन, वर कठीण चकाकता थर. हे खवले वाढत नाहीत. मुशी वाढते तसे नवे उगवतात.

सायक्लॉइड खवल्याची कड गुळगुळीत. तारली, पाला, बांगडा यांचे खवले असे. तारलीचे तर इतके सैल की टोपलीतून काढेपर्यंत निम्मे गळतात. पण तिच्या पोटाखालून उलटं बोट फिरवलं तर करवतीसारखं लागतं. तिथे जाड, टोकदार खवल्यांची रांग असते. पाल्यालाही ती असते, बांगड्याला नसते. टेनॉइड खवल्याच्या उघड्या कडेला बारीक दाते असतात. तांबोशी, जिताडा, रावस हे या गटातले. तांबोशीचा वाळलेला खवला भिंगाखाली धरला की दाते स्पष्ट दिसतात.

पापलेट आणि हलवा यांचा घोळ कायमचा. हलव्याला सर्रास काळं पापलेट म्हणतात, पण दोघांचं गोत्र वेगळं. हलव्याच्या शेपटीच्या देठाशी, दोन्ही बाजूंना, जाड खवल्यांची छोटी कडक धार असते. २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झालेल्या रुपेरी पापलेटाला ती धार नाही. बोंबील आणखी तऱ्हेवाईक: त्याचा पुढचा भाग जवळजवळ उघडा आणि खवले काय ते मागच्या अर्ध्या अंगावर. शिंगाळा आणि वाम यांना तर खवलेच नाहीत, आणि नसणं हीसुद्धा ओळखच.

तरी एका खवल्यावरून थेट जात सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. खवला घराणं सांगतो. जात सांगायची तर पुष्कळ अटी. एकाच माशाच्या मानेवरचा, पोटावरचा आणि शेपटीवरचा खवला आकाराने वेगळा असतो, म्हणून तुलना ठरावीक जागेवरच्या खवल्यांचीच करायची; बहुधा पाठीच्या पराखालच्या, कुशीच्या रेषेच्या वरच्या. त्यातही एखादा गळून नव्याने आलेला असला तर त्याच्या मधल्या भागात रेघाच नसतात. तो बाजूला टाकायचा. मेक्सिकोच्या आना इबान्येझ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली बोयच्या कुळातल्या माशांच्या खवल्यांवर ठरावीक बिंदू घेऊन त्यांच्या आकाराचं गणित मांडलं. त्यातून जाती चांगल्या वेगळ्या काढता आल्या; शेजारशेजारच्या पाण्यातले एकाच जातीचे गट मात्र तितकेसे नाही. पाणमांजराच्या विष्ठेतून त्याने काय खाल्लं हे शोधणाऱ्यांनाही खवल्यांचाच आधार असतो. ते सहज पचत नाहीत.

खवल्याने माशाची ओळख पटते, पण आपल्या कोकणात त्याने एकदा माणसांचीही पटली, असं सांगतात. बेने इस्रायली म्हणजे अलिबागेजवळच्या नवगावला गलबत फुटून उतरलेले, तेल गाळणारे लोक; शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू माणसाने त्यांच्या बायकांपुढे नाना तऱ्हेचे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे रांधायला घेतले, बाकीचे बाजूला सारले. ज्यू धर्मशास्त्राचा नियम नेमका हाच. बेने इस्रायली समाजात ही कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. रहाबीचा काळ कोणता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण परीक्षेला त्याने मासा निवडला, हे मला फार पटतं. मंत्र विसरतात, स्वयंपाकघरातली सवय सहसा नाही.

आता पंचाईत होते ती सोललेल्या तुकड्यांची. कातडी गेली की खवला, रेघ, धार सगळंच गेलं, आणि पांढऱ्या मांसाला कुठलंही नाव देता येतं. म्हणून तुकडी कातडीसकट मागा. खवले काढलेल्या रावसाच्या कातडीवरही ते जिथे बसले होते त्या खाचांची जाळी दिसते. बासा हा गोड्या पाण्यातला, बिनखवल्याचा मासा. त्याच्या कातडीवर अशी जाळी नसतेच, मग विकणारा काहीही म्हणो. सुरमईला मात्र ही परीक्षा लावू नका. तिचे खवले इतके बारीक की खऱ्या सुरमईचीही कातडी गुळगुळीतच लागते.