डबल-क्लिक एक, फोल्डर ५५

तुळशीचं लग्न लागलं की फोटोग्राफरच्या कॉम्प्युटरलाही लगीनघाई सुरू होते. एका लग्नाचा हिशोब मांडून पाहा: साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, लग्न, पाठवणी, रिसेप्शन असे सहा कार्यक्रम. प्रत्येकाचे दोन कॅमेरे. प्रत्येक कॅमेऱ्याचे पुन्हा ‘रॉ’, ‘निवड’ आणि ‘अल्बम’ असे तीन कप्पे. म्हणजे तळाशी ३६ फोल्डर, त्यांच्या वर १२, त्यांच्यावर ६ आणि सगळ्यांना पोटात घेणारा वधूवरांच्या नावाचा एक. एकूण ५५. राइट-क्लिक, न्यू, फोल्डर, नाव, एंटर. हे ५५ वेळा. तिसाव्याला ‘निवड’चं ‘निवडा’ होतंच.

हे काम विंडोजच्या ‘एमडी’ या आज्ञेवर सोपवता येतं. एमडी म्हणजे मेक डिरेक्टरी; डिरेक्टरी हे फोल्डरचं जुनं नाव. एक्सेलच्या पहिल्या रकान्यात ‘एमडी’ आणि दुसऱ्यात अवतरणचिन्हांत सर्वात वरच्या फोल्डरपासून तळाच्या फोल्डरपर्यंतचा पाथ लिहायचा. अशा ३६ ओळी नोटपॅडमध्ये चिकटवायच्या, फाइल ‘बॅट’ या एक्स्टेंशनने सेव्ह करायची, जिथे फोल्डर हवेत तिथे नेऊन ठेवायची आणि डबल-क्लिक करायचं. वरचे १९ फोल्डर वेगळे मागावे लागत नाहीत, पाथमध्ये वाटेत लागणारे एमडी आपणच बांधत जाते. फोल्डर आधीच असेल तर कुरकुर करून पुढच्या ओळीवर जाते. आतल्या फोटोंना हात लावत नाही.

अवतरणचिन्हं मात्र विसरायची नाहीत. ती नसली तर ‘कॅमेरा दोन’चे ‘कॅमेरा’ आणि ‘दोन’ असे दोन फोल्डर होतात.

पाथमधली रेघही उलटी तिरपी असते. त्यामागे इतिहास आहे. विंडोजच्या आधीच्या, १९८१च्या पहिल्या एमएस-डॉसमध्ये फोल्डरात फोल्डर ही सोयच नव्हती, ती १९८३च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. तोवर सुलटी तिरपी रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी वापरात गेली होती. आधीच्या युनिक्स प्रणालीने ती पाथसाठी घेतली होती, पण डॉसला उलटी घ्यावी लागली.

लिनक्सवर हेच काम एका ओळीत होतं. तिथली आज्ञा ‘एमकेडिर’, सोबत ‘पी’ हा पर्याय. महिरपी कंसांत कार्यक्रमांची, कॅमेऱ्यांची आणि कप्प्यांची यादी दिली की आज्ञा वाचणारं बॅश हे शेल त्यांचा गुणाकार करून ३६ पाथ तयार करतं. फक्त स्वल्पविरामानंतर सवयीने जागा सोडायची नाही. शिवाय स्क्रिप्ट बॅशनेच चालवायची. उबुंटूवर ‘एसएच’ या साध्या शेलने चालवली तर ते महिरपी कंस उलगडत नाही आणि चक्क कंसासकट सहा कार्यक्रमांच्या नावाचा एकच लांबलचक फोल्डर समोर येतो.

मराठी नावांची गंमत निराळी. नोटपॅड फाइल यूटीएफ-८मध्ये ठेवतं, पण कमांडची खिडकी ती जुन्या ४३७ क्रमांकाच्या कोडपेजने, म्हणजे अक्षरांच्या तक्त्याने, वाचत असेल, तर ‘हळद’मधल्या प्रत्येक अक्षरामागे एक ग्रीक अल्फा आणि काही चौकटीच्या रेघा उमटतात. बॅट फाइलच्या पहिल्याच ओळीत ‘सीएचसीपी ६५००१’ लिहिलं की हळद पुन्हा हळद होते. लिनक्सवर अडचण लांबीची. तिथे एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. नुसत्या ‘क्षि’चे १२ बाइट होतात. पत्रिकेवरचा सगळा मजकूर फोल्डरच्या नावात घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

एवढं करूनही खरा खल होतो तो सर्वात वरच्या नावावर. फोटोग्राफर सवयीने ‘२५-१२-२०२५’ लिहितो आणि नावाप्रमाणे लावल्यावर ‘०५-०१-२०२६’ त्याच्या आधी जाऊन बसतं, कारण कॉम्प्युटर डावीकडून वाचतो. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहिलं की लग्नं ओळीने लागतात. १९८८च्या आयएसओ ८६०१ या मानकाचा क्रमही हाच. पुढच्या लग्नाला नोटपॅडमध्ये ‘रिप्लेस ऑल’ने तेवढं एक नाव बदलायचं, बाकीचा पाथ आहे तसाच राहतो.