गांधीजींनी बॉम्ब टाकला!

‘मामा, गांधीजींनी माझ्यावर अणुबॉम्ब टाकला!’

शनिवारची सकाळ. बोईसरला ताईकडे मी चहाचा पहिला घोट घेतोय आणि दहा वर्षांचा भाचा ही ब्रेकिंग न्यूज देतोय. भावोजी तारापूर अणुवीज केंद्रात, १९६९ साली सुरू झालेल्या. त्यांना तर हसावं की रडावं कळेना. ताईने मात्र थेट विचारलं, ‘हे डिलीट करू का? तूच सांग, तू आयटीवाला.’

आता आली का पंचाईत! ‘सिव्हिलायझेशन’चं वेड त्याला मीच लावलेलं.

गांधीजींची भानगड आधी सांगतो. १९९१च्या पहिल्या गेममधल्या बगमुळे ते बॉम्ब टाकत सुटले, अशी दंतकथा वर्षानुवर्षं फिरत होती. गेमचा जनक सिड मायर याने २०२०च्या आत्मचरित्रात ती खोडून काढली. पण २०१०च्या पाचव्या भागात मात्र ती मुद्दाम, गंमत म्हणून घातली होती. गंमत आपल्याला कळते हो. शाळेत नुकतंच दांडीयात्रा शिकलेल्या पोराला कशी कळणार? सहाव्या भागाला अमेरिकेतलं रेटिंग आहे दहा वर्षांपुढच्यांसाठी. रेटिंगवाले रक्त मोजतात, शिव्या मोजतात. इतिहासाची चेष्टा कोण मोजतं?

दुसरा गेम ‘एज ऑफ एम्पायर्स टू’. हा १९९९चा, म्हणजे आपल्या कॉलेजच्या नाइट-आउट्सचा! रेटिंग तेरा वर्षांपुढचं. भाच्याने तो मित्राकडे खेळून पाहिला आणि रात्री जेवताना आजीला म्हणाला, ‘आजी, गावकरी मेले तरी चालतात. पन्नास फूड दिलं की नवा मिळतो.’ आजीने पोळी वाढायची थांबवली. खरं सांगू, रक्तापेक्षा मला हे वाक्य जास्त टोचलं.

रविवारी त्याला डहाणू लोकलने वसईला नेलं. किल्ल्याच्या पडक्या चर्चमधून फिरत १७३९ची गोष्ट सांगितली. चिमाजी अप्पांचा वेढा, तटाखाली पेरलेले सुरुंग, मेमध्ये पोर्तुगीजांची शरणागती. त्याआधी जानेवारीत आपल्या तारापूरच्याच किल्ल्यावर बाजी भिवराव रेठरेकर पडले, हेही. वसई घेताना मराठ्यांची हजारो माणसं गेली.

‘पन्नास फूडवाली?’ त्याने विचारलं.

‘नाही रे. घरी आई असलेली.’

मग त्याला कळलं, की हरलेल्या पोर्तुगीजांना सामानासकट सन्मानाने जाऊ दिलं. हे काही पटेना. गेममध्ये शत्रूचं शेवटचं घर पडेपर्यंत सोडायचं नसतं ना!

तर ताईला मी काय सांगितलं? ‘सिव्हिलायझेशन’ राहू दे, पण हॉलमध्ये, घरातलं कुणी शेजारी असताना. ‘एज’ तेरा पूर्ण झाल्यावर. ऑनलाइन मॅच अजिबात नको, कारण समोरचा अनोळखी भिडू चॅटमध्ये काय बोलेल त्याला रेटिंग लागू नसतं. आणि ‘फक्त एक टर्न’ ही थाप आहे, बॉस! त्या एका टर्नपायी मी स्वतः सोमवारची लोकल चुकवलीये. म्हणून टर्न नाही, घड्याळ मोजायचं. एक तास.

परतीच्या गाडीत विरार सुटल्यावर कुठे विंडो सीट मिळाली. भाचा बराच वेळ गप्प होता.

‘मामा, त्या लोकांना सोडून दिलं तर ते परत अटॅक नाही करणार?’

सफाळे येईपर्यंत आम्ही त्यावरच भांडत होतो.